डबीतला भुंगा

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची पाठ रंगमंचाकडे होती.

सभागृह गच्च भरलेलं होतं. समोर चार तरुण वाद्यं घेऊन घामाघूम होत होते, लोक माना उंचावून त्यांच्याकडे बघत होते, आणि हा एकटाच बाजूच्या भिंतीपाशी, कमरेएवढ्या उंच स्पीकरसमोर उकिडवा बसला होता. डोळे मिटलेले, एक कान स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकलेला. तिला वाटलं, बिचाऱ्याला ऐकू येत नसावं. मैत्रिणीला ती तसं म्हणालीही. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि तो उठून जाताना तिच्या शेजारी थांबून स्वतःशीच पुटपुटला, "खालच्या सुरात घोगरा होतोय. पण गोड होतोय."

"कोण गोड होतोय?" तिला विचारल्यावाचून राहवलं नाही.

"भुंगा," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

गिटार वाजवणारा त्याचा धाकटा भाऊ होता. भुंगा म्हणजे त्या भावाच्या पायापाशी पडलेली तळहाताएवढी अ‍ॅल्युमिनियमची डबी. गिटारची वायर एका बाजूनं तिच्यात शिरायची, दुसऱ्या बाजूनं निघून स्पीकरकडे जायची. पायानं वरचं बटण दाबलं की साधा, स्वच्छ सूर एकदम जाड, खरखरीत आणि लांबलचक व्हायचा, बंद खोलीत अडकलेल्या भुंग्यासारखा. ती डबी यानं घरी बनवली होती. हे सगळं त्यानं तिला मध्यंतरात, हातातला चहा पार गार होईपर्यंत समजावून सांगितलं. तिला त्यातलं अर्धंही कळलं नाही. पण एखाद्या गोष्टीबद्दल इतकं जीव ओतून बोलणारा माणूस तिनं तोवर पाहिला नव्हता. वर्षभरात त्यांचं लग्न झालं.

कारखान्यात त्याला सगळे खुडबुड्या म्हणत. तो प्रेसवर होता. दिवसभर ते अवजड यंत्र धाडकन खाली यायचं आणि पत्र्याच्या चकतीची डबी होऊन बाहेर पडायची. ज्या डब्यांना पोचा यायचा त्या भंगारात जायच्या, आणि भंगारातल्या बऱ्यातल्या बऱ्या निवडून खुडबुड्या घरी आणायचा. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये जो बोळ होता तिथं त्याचं टेबल. टेबलावर टाके मारायची सोल्डरिंग आयर्न, वीज मोजायचा मीटर, चिमटे, भिंग, आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेले ट्रान्झिस्टर. हे ट्रान्झिस्टर जुन्या, मेलेल्या रेडिओंमधून काढलेले असत. वरून सगळे सारखे. पण त्याच्या मते ते माणसांसारखे, कोणी तापट, कोणी नुसताच बडबड्या, कोणी ऐन वेळी मान टाकणारा. तो एकेक ट्रान्झिस्टर डबीत लावायचा, गिटारची एक तार छेडायचा, कान लावून बसायचा, आणि "नाही" म्हणून काढून ठेवायचा. रविवारच्या रविवार नुसतं "नाही, नाही" चालायचं.

"मला बघायला आलात तेव्हा एवढं पारखलं नव्हतंत," ती चिडवायची.

"तुला बघायला कुठं आलो होतो? तूच माझ्या पाठीकडे बघत बसली होतीस."

"मग मीटर कशाला आणलाय एवढा? त्यावर मोजा ना."

"मीटर आकडा सांगतो गं. गोडवा सांगत नाही."

भुंग्यानंतर विहीर झाली. तिच्यात टाकलेला सूर खोल जाऊन पुन्हा पुन्हा वर यायचा. मग झोका झाला, त्यात सूर मागेपुढे हलायचा. प्रत्येक डबीच्या झाकणावर ती ब्रशनं चित्र काढून द्यायची. भुंग्याच्या झाकणावरचा काळा-पिवळा भुंगा तिचाच. त्याचा एक पंख दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता, आणि भाऊजी दर भेटीत विचारायचे, "वहिनी, हा उडतो कसा, गोल गोल?"

भाऊजींच्या वादनाला हळूहळू बरे दिवस आले. हॉटेलांत, मोठ्या समारंभांत त्यांच्या बँडला बोलावणं येऊ लागलं, आणि लोक त्या घोगऱ्या, गोड आवाजावरून त्यांना ओळखू लागले. भाऊजी प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी माइकवर सांगत, "हा आवाज माझ्या दादाच्या हातचा आहे." दादा तेव्हा भिंतीपाशी, स्पीकरजवळ, लोकांकडे पाठ करून बसलेला असे.

ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची. माणसं आपल्या डोळ्यांबद्दल स्वतःशी किती खोटं बोलतात हे तिला रोज दिसायचं. एक गृहस्थ तर वर्तमानपत्र लांब धरून तावातावानं म्हणाले होते, "हल्ली अक्षरंच बारीक छापतात हो!" घरी येऊन तिनं त्यांची नक्कल करून दाखवली तेव्हा तो खूप हसला होता, आणि हसता हसता त्यानं आपलीही एक गंमत सांगितली होती. कारखान्यात दरवर्षी कानाची तपासणी होई. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावत आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगत. तपासणारा माणूस काचेपलीकडे बसलेला असे, आणि आवाज सोडताना दर वेळी त्याची हनुवटी किंचित खाली जाई. प्रेसवरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. जुनी माणसं नव्यांना पहिल्याच वर्षी शिकवून ठेवत: हनुवटी बघायची आणि बटण दाबायचं.

"म्हणजे तुम्ही सगळे नक्कल करून पास?" ती म्हणाली.

"नापास झालं की पॅकिंगला टाकतात. पॅकिंगला गेलेल्या माणसाला मग कोणी विचारत नाही. लेबलं चिकटवायची, दुसरं काय! आणि मला काय गरज गं नकलेची? माझा कान म्हणजे कान आहे. मी आपला सगळे करतात म्हणून बघतो."

कानात घालायला कारखान्यानं बोळे दिले होते, तेही तो घालत नसे. प्रेसचा साचा तडकायच्या आधी आवाज बदलतो, आणि तो बदल आपल्याला सगळ्यांच्या आधी कळतो, याचा त्याला अभिमान होता.

त्या दिवशी तीही हसली होती. हसू गेलं ते पुष्कळ नंतर, तिला ताप आला त्या दुपारी. तो सुट्टी काढून उशाशी बसला होता. तिच्या काखेत नवा थर्मामीटर होता, ताप मोजून झाला की पिप् पिप् वाजणारा. तो वाजला. तिनं डोळे मिटूनच हात सैल केला.

"अगं, राहू दे की. अजून वाजला नाही."

पुन्हा वाजला. तो तसाच तिचा हात दंडापाशी धरून, मन लावून, थर्मामीटरकडे बघत बसला होता. आपला नवरा थट्टा करतोय असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं त्याचा चेहरा बघितला. त्यावर थट्टा नव्हती, नुसती काळजी होती.

मग तिला एकेक आठवत गेलं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो वाजायचा, ते बंद करायला नेहमी तीच उठायची. आणि डब्या! गेली काही वर्षं तो म्हणत होता, आवाज दबलेला येतोय. भंगारातले ट्रान्झिस्टरच हल्ली चांगले मिळत नाहीत. मग तो आतला एक कपॅसिटर काढून दुसरा लावायचा, आवाजाची धार वाढवायचा, आणि म्हणायचा, "आता मोकळा झाला." नव्या डब्यांचा आवाज तिच्या दातांत शिरायचा. ती आपली धरून चालली होती की नव्या तऱ्हेचं संगीतच असं असतं. आपल्याला काय त्यातलं कळतं?

शेवटी त्यानं जुना भुंगाही 'मोकळा' करून दिला. पंधरवड्यानं भाऊजी घरी आले ते दादा कामावर असताना. डबी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"वहिनी, काल पुढच्या रांगेतल्या एका आजींनी दोन्ही कान झाकून घेतले. मी वाजवत होतो आणि मला दिसत होतं."

तिनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"बँडमधले म्हणतात, ही डबी टाक नाहीतर तू नीघ. दादाला मी काय सांगू? तुम्हीच सांगा, ती आधी कशी होती आणि आता कशी झालीय."

"भाऊजी, डबीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "त्यांना वरचे सूर ऐकू येत नाहीत. येत नाहीत म्हणून ते वाढवत बसतात."

भाऊजींचा चेहरा खाडकन उतरला. बराच वेळ ते झाकणावरच्या भुंग्याचा मोठा पंख नखानं खरवडत राहिले. "मग सांगायला हवं," ते म्हणाले, पण असं की, कोणीतरी 'नको' म्हणावं.

आणि तीच 'नको' म्हणाली. दुकानात रोज दहा माणसांना "तुमचा नंबर वाढलाय" असं बिनदिक्कत सांगणाऱ्या बाईची जीभ घरी उचलेना. दिवसभर तो माणूस धाडधाड करणाऱ्या यंत्रापुढे उभा असतो, तो संध्याकाळच्या त्या टेबलासाठी. ते गेलं की त्याच्यापाशी उरेल काय? नुसता प्रेस. तिनं भाऊजींना सांगितलं, "डबी तीच ठेवा. आतलं बदला."

भाऊजींनी तसंच केलं. दुकानातून तयार पेडल, म्हणजे तशीच पायानं दाबायची डबी, आणलं, त्याच्या आतली भाग जोडलेली पट्टी काढली आणि भुंग्याच्या डबीत बसवली. दादाच्या हातची पट्टी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. झाकणावर तोच भुंगा, तेच चार स्क्रू.

पुढच्या कार्यक्रमाला खुडबुड्या नेहमीसारखा स्पीकरपाशी बसला. कपाळाला आठी घालून ऐकत राहिला. "आज जरा झाकलेला वाटतोय," तो तिला म्हणाला. "हॉलच्या पडद्यांनी खाल्लं असणार." तेवढ्यात लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कोणी शिट्ट्या वाजवल्या, आणि त्याची आठी विरघळली. "बघ! आपला भुंगा पडद्यांनाही पुरून उरला." घरी जाताना रस्ताभर तो भुंग्याचं कौतुक करत होता आणि ती "हो ना, हो ना" करत होती.

"रविवारी घेऊन ये रे डबी, अजून थोडी मोकळी करतो," तो दर वेळी भावाला म्हणे. भाऊजी दर वेळी नवी सबब सांगत. डबी मित्राकडे राहिली, पाहुणे यायचेत, पाठ धरलीय. असे कितीतरी रविवार गेले. पूर्वी ज्या घरात भाऊजींचा हक्काचा राबता होता, त्या घरी ते आता उंबऱ्यावरूनच परत फिरू लागले.

"मोठा झाला तो," खुडबुड्या एकदा जेवताना म्हणाला. "माझ्याकडे यायला वेळ कुठला असणार त्याला?" तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका कार्यक्रमात गाणं ऐन भरात असताना गिटार मुकी झाली. बाकीचे वाजवत राहिले. भाऊजींनी दोनदा बटण दाबून पाहिलं आणि डबी उचलून ते पडद्याआड आले. खुडबुड्या त्यांच्या आधी तिथं पोचला होता. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर हातात, चेहरा असा उजळलेला की जणू कित्येक वर्षांनी कोणी त्याला घरचं म्हणून हाक मारली.

"दादा, राहू दे. मी नुसतंच वाजवतो. घरी बघू."

"घरी कुठला आणतोयस तू! दे इकडे. अगं, उजेड धर जरा."

मोबाइलचा दिवा तिच्याच हातात होता. तिला वाटलं, हातातून पाडावा. पाडला नाही. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चार स्क्रू निघाले, झाकण उघडलं.

त्याच्या हातच्या पट्ट्या तपकिरी असत. त्यांवर सोल्डरचे जाड, गोल थेंब, आणि ट्रान्झिस्टर तीन पायांवर ओळीनं उभे. आत जी पट्टी होती ती हिरवीगार होती. तिच्यावर मोहरीएवढे काळे ठिपके यंत्रानं एका रेषेत बसवलेले. कोपऱ्यात पेडल बनवणाऱ्या कंपनीचा छाप.

तो बघत राहिला. तिनं उजेड नकळत बाजूला घेतला. त्यानं तिचं मनगट धरलं, हवं तिथं वळवलं आणि स्थिर केलं. हिरव्या पट्टीपासून खोबणीकडे जाणारी एक वायर सुटली होती. सगळ्या डबीत तेवढाच एक टाका हाताचा होता, भाऊजींच्या हातचा, ओबडधोबड. त्यानं वायरचं टोक दातानं सोललं, पीळ घालून घट्ट बसवलं, वर चिकटपट्टी लावली. झाकण ठेवलं. चारी स्क्रू पिळले.

"वायर सुटली होती," तो म्हणाला. "जा."

"दादा..."

"अरे, लोक खोळंबलेत. जा."

भाऊजी गेले. खुडबुड्या स्पीकरपाशी गेला नाही. सभागृहात मागच्या एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला आणि उरलेला कार्यक्रम रंगमंचाकडे तोंड करून, बाकीच्या लोकांसारखा, नुसता बघत राहिला.

घरी जाताना निम्म्या वाटेवर एका बंद दुकानापाशी तो थांबला.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"एकच सांग. हात गेला की कान?"

कुठल्याही प्रश्नाची तयारी तिनं केली होती, याची नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आपल्या हातून काय निसटत चाललंय, हे तो तिला विचारत होता, आणि तिला ते थर्मामीटरपासून ठाऊक होतं.

"कान," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि चालू लागला.

त्या वर्षी कारखान्यातल्या काचेच्या खोलीत तो डोळे मिटून बसला. बराच वेळ बटण दाबलं गेलं नाही, तेव्हा तपासणाऱ्यानं दार उघडून विचारलं, झोपलात की काय. निकाल लागला आणि त्याची पॅकिंगला बदली झाली. कानाचं यंत्रही मिळालं, डाव्या कानामागे बसणारं.

यंत्र मिळालं त्या संध्याकाळी त्यानं भावाला निरोप पाठवला. भाऊजी आले आणि भुंग्याची डबी व रुमालात गुंडाळलेली तपकिरी पट्टी टेबलावर ठेवली. "दादा, मी..." त्यांनी सुरुवात केली.

"तू बरोबर केलंस," तो म्हणाला. "पण डबी माझी आहे. तुझी ती हिरवी पट्टी काढून ने, दुसऱ्या डब्यात घाल."

भाऊजींनी तिथंच बसून डबी उघडली, पट्टी काढली, खिशात घातली. थोडा वेळ घुटमळले. मग गेले. ती त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली.

ती परत आली तेव्हा त्यानं आपली पट्टी डबीत जोडली होती. कानामागचं यंत्र चालू केलं, गिटार मांडीवर घेतली, पायानं बटण दाबलं आणि एक तार छेडली.

काचेवर खिळा ओढावा तसा तो आवाज त्या बोळातून घरभर गेला. तिनं स्वतःला आवरलं, कान झाकले नाहीत. पण त्याचेच हात वर गेले. गिटार मांडीवरून घसरली, तिची तार पुन्हा छेडली गेली, पुन्हा तोच आवाज. त्यानं घाईघाईनं वायर उपटली.

"एवढं?" तो म्हणाला.

तिनं घसरलेली गिटार उचलून भिंतीला टेकवली.

"एवढं? आणि तू म्हणत होतीस, छान झालाय."

"अहो..."

"ती माणसं हे ऐकत होती? माझ्या नावानं?" त्यानं कानामागचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "माइकवर माझं नाव घ्यायचा गं तो."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही; पण नेहमीसारखा वर आपला हातही ठेवला नाही.

काही दिवसांनी ती त्याला म्हणाली, यंत्र लावून पुन्हा एकदा बसा ना, हळूहळू धार कमी करा, जमेल. त्यानं प्रयत्न केलाही, अगदी केलाच नाही असं नाही. पण यंत्र सगळंच मोठं करायचं. गोड आवाज मोठा, कडू आवाज मोठा, फ्रिजची घरघर मोठी. दोन ट्रान्झिस्टरांमधला फरक त्यातून कळत नव्हता. एका रविवारी त्यानं विहीर, झोका, भुंगा, सगळ्या डब्या उघडल्या आणि आतलं सामान उपसून काढलं. बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. रिकाम्या डब्या तिला दिल्या. एकीत ती टाचण्या ठेवते, एकीत बटणं. भुंग्याची मात्र तिनं वेगळी ठेवली, आणि अजून तिच्यात काही ठेवलेलं नाही.

भाऊजींचा बँड चालू आहे. त्यांचा आवाज आता इतर बँडसारखाच आहे, असं ऐकणारे सांगतात. ते महिन्या-दोन महिन्यांनी येतात, चहा घेतात, आपल्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतात आणि जातात. कार्यक्रमाचं आमंत्रण दोन वेळा दिलं, तिसऱ्यांदा दिलं नाही.

खुडबुड्या पॅकिंगमध्ये लेबलं चिकटवतो. तिथं ऐकण्यासारखं काही नाही, म्हणून कानाचं यंत्र तो खिशातच ठेवतो. बोळातलं टेबल अजून आहे. शेजारपाजारचे लोक बिघडलेल्या इस्त्र्या आणून देतात, त्या तो रविवारी दुरुस्त करतो. इस्त्री तापली की नाही, हे बोटाला कळतं.